‘आली’ आणि ‘पोचली’ : स्वयंचलित कार्यनियोजन प्रणालीतील फाइल-निरीक्षण जॉबची चिकित्सा

बीजसंज्ञा : जॉब शेड्युलिंग, फाइल वॉचर, आवक, पोच, पूर्णता, अभाव, उत्तरदायित्व

प्रस्तावना

बँका, विमा कंपन्या, साखर कारखाने आणि शासकीय विभाग यांच्या संगणकीय व्यवहारांचा फार मोठा भाग आजही गठ्ठ्यागठ्ठ्याने पार पडतो. नोंदी एका फाइलमध्ये एकत्र करावयाच्या, ती फाइल ठरल्या वेळी दुसऱ्या संस्थेकडे धाडावयाची आणि तेथील संगणकाने ती वाचून पुढील हिशेब पूर्ण करावयाचा, अशी या व्यवहारांची सर्वसाधारण रीत असते. एका मोठ्या बँकेत अशी हजारो कामे रात्रीतून होतात. त्यांचा क्रम, वेळ आणि परस्परावलंबन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला जॉब शेड्युलर म्हणतात. युनिक्समधील ‘क्रॉन’ हे या वर्गातील जुने व साधे साधन होय. ‘ऑटोसिस’, ‘कंट्रोल-एम’ आणि आयबीएमचा ‘वर्कलोड शेड्युलर’ ही मोठ्या संस्थांतून रुळलेली नावे आहेत.

क्रॉन केवळ घड्याळ पाहतो. मोठ्या प्रणाली घड्याळाबरोबर घटनाही पाहतात. ‘अमुक फाइल आली की तमुक काम सुरू करावे’ ही अशा घटनांपैकी सर्वांत परिचित घटना. तिच्यावर नजर ठेवणारे काम म्हणजे फाइल-निरीक्षण जॉब, अर्थात फाइल वॉचर. वरवर पाहता हे काम क्षुल्लक वाटते. फाइलचा मार्ग, तिचे नाव, किती सेकंदांनी पाहावयाचे आणि किमान आकार किती असावा, एवढे चार रकाने भरले की जॉब तयार होतो. नवशिक्या कर्मचाऱ्याच्या हाती पहिल्या आठवड्यात सोपविले जाणारे काम ते हेच.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या चार रकान्यांत भरली जाणारी मूल्ये ही तांत्रिक तपशिलापेक्षा अधिक काही असतात. ‘फाइल आली’ या विधानाचा अर्थ त्यांतून निश्चित होतो. हा अर्थ विचारपूर्वक निश्चित केला गेला नाही, तर प्रणाली अपूर्ण माहितीला पूर्ण समजते, जुनीला नवी समजते आणि अभावाला शून्य समजते. या गैरसमजांची किंमत संगणकासमोर बसलेला कर्मचारी मोजत नाही. ती त्या साखळीच्या अखेरच्या टोकाला असलेला माणूस मोजतो.

कुरुंद्याचा संदर्भ

हे अखेरचे टोक डोळ्यांसमोर ठेवण्यासाठी हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावाचा संदर्भ उपयुक्त ठरतो. मराठी समीक्षेच्या अभ्यासकास हे नाव नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांच्यामुळे परिचित आहे. कुरुंदा हे त्यांचे मूळ गाव. एखाद्या विचाराची तपासणी त्याच्या निष्कर्षावर न थांबता त्यामागील गृहीतकापर्यंत नेणे, हा कुरुंदकरांच्या चिकित्सेचा विशेष होता. सॉफ्टवेअरच्या रचनेतही गृहीतके असतात आणि तीही अशा चिकित्सेस पात्र आहेत.

कुरुंदा हे शेतीवर जगणारे गाव आहे. या परिसरात टोकाई सहकारी साखर कारखाना आहे, आणि कुरुंदा हे वसमत तालुक्यातील एक महसूल मंडळही आहे. येथील शेतकऱ्याच्या खात्यावर येणाऱ्या पैशाचा प्रवास पाहिला, तर त्यात फाइलींची एक साखळी दिसते. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रारंभ झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत देण्याची तरतूद आहे. आधार क्रमांकावर आधारित अशा देयकांसाठी भारतीय राष्ट्रीय देयक निगमाचा आधार पेमेंट ब्रिज वापरला जातो, आणि त्याचे कामकाज फाइलींद्वारे चालते. पाठविणारी बँक लाभार्थ्यांची फाइल चढविते, निगम ती बँकनिहाय विभागतो, प्रत्येक बँक आपल्या वाट्याची फाइल उचलून खात्यांत रक्कम जमा करते आणि ज्या नोंदी फसल्या त्यांची परतीची फाइल धाडते. या प्रत्येक वळणावर कोणती तरी प्रणाली कोणत्या तरी फाइलची वाट पाहत असते. शाखेत पासबुक भरून घ्यावयास आलेल्या शेतकऱ्याला यातील काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की, शेजाऱ्याच्या खात्यावर रक्कम आली आणि आपल्या खात्यावर आली नाही.

आवक आणि पोच

मराठी कार्यालयीन व्यवहारात या विषयाला लागू पडणारी एक जुनी व्यवस्था आहे, ती म्हणजे आवक नोंदवही. टपाल आले की आवक लिपिक त्यावर शिक्का मारतो, क्रमांक व दिनांक टाकतो, आणि पत्राच्या तळाशी ‘सहपत्रे : तीन’ असे लिहिलेले असेल तर ती तीन आहेत की नाहीत हे मोजतो. दोनच निघाली तर तशी नोंद करतो, कारण पुढे तिसरे सहपत्र हरवल्याचा ठपका त्याच्यावर येऊ नये. पाकीट येणे ही आवक. आतील मजकूर पूर्ण असल्याची खातरजमा करून पाठविणाऱ्यास तसे कळविणे ही पोच. कार्यालयीन भाषेने या दोन क्रियांना दोन शब्द ठेवले आहेत, ते उगाच नव्हे.

फाइल वॉचर हा संगणकातील आवक लिपिक होय. परंतु त्याच्या रूढ रचनेत सहपत्रे मोजण्याची सोय नाही. तो पाकिटाचे नाव पाहतो, वजन पाहतो आणि शिक्का मारतो. पुढील जॉब मात्र त्या शिक्क्यालाच पोच समजून कामाला लागतो. आवक आणि पोच यांतील ही गल्लत या लेखाच्या चिकित्सेचा केंद्रबिंदू आहे. ती चार ठिकाणी आढळते : ओळख, पूर्णता, मुदत आणि अभाव.

ओळख : कोणती फाइल?

फाइल वॉचरला प्रथम फाइलचे नाव द्यावे लागते. नाव स्थिर असेल, म्हणजे रोज एकाच नावाची फाइल येत असेल, तर कालची फाइल जागेवरून हलविली गेली आहे की नाही हा प्रश्न निर्माण होतो. ती हलविली गेली नसेल तर आजचा वॉचर सुरू होताक्षणी कालची फाइल पाहतो. तिचा आकार पुरेसा असतो आणि ती स्थिरही असते, त्यामुळे तो तत्काळ यशाची खूण देतो. जॉब अयशस्वी झाला असता तर कोणाचे तरी लक्ष गेले असते. येथे तो नेहमीपेक्षा लवकर यशस्वी होतो, आणि लवकर मिळालेल्या यशाची चौकशी सहसा कोणी करत नाही.

यावर उपाय म्हणून नावात दिनांक घातला जातो. परंतु दिनांक कोणता? घड्याळाचा दिनांक मध्यरात्री बदलतो, व्यवहाराचा दिनांक बदलत नाही. रात्री साडेअकराला सुरू झालेली साखळी बारानंतर फाइल शोधू लागली की ती उद्याच्या नावाची फाइल शोधते आणि आजची फाइल शेजारी पडून राहते. सुट्यांचे गणित वेगळेच. १ सप्टेंबर २०१५ पासून भारतातील बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी असते, पहिल्या व तिसऱ्या शनिवारी नसते. ‘सोमवार ते शुक्रवार’ असा सरधोपट रकाना भरलेला जॉब अशा वेळी कामाच्या शनिवारची फाइल पाहतच नाही. म्हणून प्रत्येक पाठविणाऱ्या संस्थेचे स्वतंत्र कॅलेंडर शेड्युलरमध्ये असणे अगत्याचे ठरते.

तिसरी पळवाट म्हणजे तारांकित नाव. आरंभीची काही अक्षरे जुळली की पुरे, अशी सूट दिली की दुरुस्त करून पाठविलेली दुसरी प्रत, कोणी तपासणीसाठी ठेवलेली नक्कल आणि अर्धवट चढत असलेली तात्पुरती फाइल या तिन्ही त्या नावात बसतात. ओळख सैल ठेवल्याने वॉचर अडत नाही हे खरे. पण न अडणे हा पहारेकऱ्याचा गुण नव्हे.

पूर्णता : स्थिरतेचे गृहीतक

सर्वांत महत्त्वाचे गृहीतक पूर्णतेविषयी आहे. ऑटोसिसमधील पारंपरिक फाइल वॉचर दोन कसोट्या लावतो. फाइलने दिलेला किमान आकार गाठला आहे काय, आणि लागोपाठच्या दोन निरीक्षणांत तिचा आकार तोच राहिला आहे काय? दोन निरीक्षणांमधील अंतर वेगळे काही न सांगितल्यास ६० सेकंदांचे असते. कंट्रोल-एममधील निरीक्षण-साधनातही किमान आकार, निरीक्षणाचे अंतर आणि आकार किती वेळा अपरिवर्तित आढळला पाहिजे याची संख्या देता येते. तपशील वेगळे असले तरी तर्क एकच : जी वाढावयाची थांबली ती पूर्ण झाली.

हा तर्क बहुतेक दिवशी खरा ठरतो, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका फाइलमध्ये ४,२०० लाभार्थ्यांच्या नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद ओळअखेरच्या खुणेसह २०१ बाइटची आहे. पूर्ण फाइल ८,४४,२०० बाइटची होईल. जॉब रचणाऱ्याने सावधगिरी म्हणून किमान आकार ५,००,००० बाइट ठेवला आहे. फाइल चढत असताना जोडणी खंडित झाली आणि ६,०३,००० बाइटवर ती अडली. दीड-दोन मिनिटे ती तेथेच राहिली. किमान आकार ओलांडला गेला आहे, दोन निरीक्षणांत आकार बदललेला नाही, म्हणून वॉचर यशाची खूण देतो. ६,०३,००० बाइट म्हणजे बरोबर ३,००० नोंदी. शेवटची ओळ तुटलेली नाही, त्यामुळे वाचणारा प्रोग्रॅमही कुरकुरत नाही. सर्व जॉब हिरवे दिसतात आणि १,२०० माणसे गळतात.

गळतात ती कोण, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. फाइलमधील नोंदी कोणत्या तरी क्रमाने लावलेल्या असतात. तो क्रम जिल्ह्याच्या वा गावाच्या संकेतांकाचा असेल तर गळणारी माणसे यादृच्छिक नसतात. फाइलच्या शेपटाला असलेली गावेच्या गावे सुटतात. तांत्रिक दोष असा सामाजिक आकार धारण करतो.

येथे काही जण नव्या तंत्राकडे बोट दाखवितील. लिनक्समध्ये २००५ पासून ‘आयनोटिफाय’ ही सोय आहे. तिच्यामुळे ठरावीक अंतराने डोकावण्याची गरज राहत नाही, फाइल लिहून बंद होताच सूचना मिळते. ही सुधारणा मोलाची आहे, पण मूळ गृहीतक तिने बदललेले नाही. जोडणी तुटल्यावर लिहिणारा प्रोग्रॅम फाइल बंदच करतो, म्हणजे अर्धवट फाइलही ‘बंद’ होते. शिवाय नेटवर्कवरून जोडलेल्या साठ्यात दुसऱ्या यंत्राने केलेले बदल या सोयीला दिसत नाहीत. अगोदर ‘थांबली म्हणजे पूर्ण झाली’ असे मानले जात होते, आता ‘मिटली म्हणजे पूर्ण झाली’ असे मानले जाते, एवढाच फरक.

उसाच्या वजनकाट्याचे उदाहरण येथे लागू पडते. कारखान्याच्या काट्यावर गाडी भरलेली असताना एकदा आणि रिकामी झाल्यावर एकदा तोलली जाते, तेव्हा ऊस किती हे कळते. तरीही त्या वजनात पाचट किती हे काटा सांगत नाही. फाइलचा आकार हे असेच ढोबळ वजन आहे. आत किती नोंदी आहेत आणि त्यांची बेरीज किती, हे त्यावरून समजत नाही.

पूर्णतेची खरी साक्ष फक्त पाठविणारा देऊ शकतो. ती देण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिली, फाइल तात्पुरत्या नावाने चढवावयाची आणि पूर्ण चढल्यावरच तिचे नाव बदलावयाचे. एकाच साठ्यात नाव बदलण्याची क्रिया अर्धवट होत नाही, त्यामुळे अंतिम नाव दिसले म्हणजे चढविण्याचे काम संपले असे मानता येते. दुसरी, मुख्य फाइलपाठोपाठ एक छोटी नियंत्रण-फाइल पाठवावयाची, जिच्यात नोंदींची संख्या, रकमेची बेरीज आणि पडताळणी-अंक असतो. वॉचरने मुख्य फाइलऐवजी या छोट्या फाइलची वाट पाहावी. तिसरी, फाइलच्या आरंभी वा अखेरी एकूण नोंदी आणि एकूण रक्कम सांगणारी ओळ ठेवावयाची. देयकव्यवहारांच्या अनेक फाइलरचनांमध्ये ही ओळ असते. म्हणजे ‘सहपत्रे : तीन’ हे पाठविणाऱ्याने बहुधा लिहिलेलेच असते. ते वाचून मोजण्याचा जॉब वॉचर आणि मुख्य काम यांच्यामध्ये ठेवणे, एवढेच रचनाकाराच्या हाती उरते. ते मात्र अनेकदा राहून जाते.

मुदत : किती वाट पाहावी?

वॉचरला फाइल सापडली नाही तर तो वाट पाहतो. किती वेळ, हे सांगितले नाही तर तो पाहतच राहतो. शेड्युलरच्या पडद्यावर अशा जॉबची अवस्था ‘चालू’ अशी दिसते. येथे एक विसंगती आहे. ज्याला काही करावयास मिळाले नाही तोच जॉब सर्वांत कार्यमग्न दिसतो. त्याच्यावर अवलंबून असलेले जॉब सुरूच झालेले नसतात, म्हणून ते अयशस्वीही होत नाहीत. लाल रंग कोठेच नसल्याने सकाळपर्यंत सर्व काही सुरळीत असल्याचा भास टिकतो.

म्हणून शेड्युलरमध्ये दोन वेगळ्या मर्यादांची सोय असते. एक मर्यादा ओलांडली की फक्त इशारा दिला जातो, दुसरी ओलांडली की जॉब थांबविला जातो. या दोहोंमधील अंतर म्हणजे माणसाला विचार करण्यासाठी मिळालेला अवधी होय. फाइल रात्री १० वाजता अपेक्षित असेल, पुढील कामाला तीन तास लागत असतील आणि सकाळी ८ वाजता शाखा उघडत असेल, तर पहाटे ५ ही अखेरची रेषा ठरते. इशारा त्याच्या कितीतरी आधी, पाठविणाऱ्या संस्थेत अजून कोणी जागे असेल अशा वेळी मिळावयास हवा. हा हिशेब उलटीकडून, म्हणजे शाखेच्या खिडकीपासून मागे मोजत करावा लागतो. प्रत्यक्षात मुदतीचा रकाना शेजारच्या जॉबमधून नकलून घेतला जातो.

या साखळ्या कोसळल्या की काय होते याचे मोठे उदाहरण ब्रिटनमध्ये जून २०१२ मध्ये घडले. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात बॅच-शेड्युलिंग सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती बसविताना आणि नंतर ती मागे घेताना बिघाड झाला. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ पोचली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील नियामक संस्थांनी एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. ती घटना फाइल वॉचरच्या चुकीची नव्हती. परंतु रात्रीची कामे क्रमाने होणे ही बँकेच्या अंगणातील अदृश्य वीट असते, हे तिने दाखवून दिले.

अभाव : ‘नाही’ आणि ‘शून्य’

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. फाइल आलीच नाही, फाइल आली पण रिकामी आली, आणि फाइल आली व तिच्यात ‘आज व्यवहार शून्य’ अशी नोंद आली, या तीन भिन्न घटना आहेत. पहिली मौन आहे, दुसरी संदिग्धता आहे आणि तिसरी साक्ष आहे. किमान आकार शून्य ठेवलेला वॉचर दुसरी घटना यश मानतो. किमान आकार एक बाइट ठेवलेला वॉचर पहिली आणि दुसरी यांत भेद करीत नाही. ज्या दिवशी खरोखर व्यवहार नव्हता, त्या दिवशी तो रात्रभर थांबून खोटा इशारा देतो. असे खोटे इशारे वारंवार मिळाले की कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात.

हा भेद शब्दच्छल नाही, हे पावसाच्या नोंदीवरून स्पष्ट होते. महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध प्रकल्पांतर्गत महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानण्याचा निकष महसूल प्रशासनात रूढ आहे, आणि पुढील पंचनामे व मदत यांच्याशी त्याचा संबंध येतो. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीमुळे कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले. अशा वेळी एखाद्या मंडळाची नोंद ‘० मिलिमीटर’ असणे आणि नोंदच उपलब्ध नसणे यांत केवढे अंतर आहे, हे सांगावयास नको. माहिती वाचणाऱ्या प्रणालीने न आलेल्या आकड्याच्या जागी शून्य भरले, तर ‘माहीत नाही’चे ‘पाऊस नाही’ होते. ज्या केंद्राची जोडणी मुसळधार पावसातच तुटण्याचा संभव अधिक, त्याच्याबाबत ही चूक विशेष गंभीर ठरते. सर्वाधिक पाऊस झालेल्या ठिकाणची नोंद सर्वांत कोरडी दिसू शकते.

म्हणून अभावाचा अर्थ जॉब रचणाऱ्याने एकट्याने ठरविणे योग्य नाही. व्यवहार नसला तरी शीर्ष-ओळ असलेली ‘शून्य नोंदींची’ फाइल पाठविलीच पाहिजे, असा करार पाठविणाऱ्याशी असावा. तो झाला की मौनाचा एकच अर्थ उरतो : काही तरी बिघडले आहे.

मानवी हस्तक्षेप

रचना कितीही काटेकोर असली तरी रात्रपाळीचा कर्मचारी आणि अडलेला वॉचर यांची गाठ पडतेच. अशा वेळी वॉचरला हाताने ‘यशस्वी’ ठरविण्याची सोय शेड्युलरमध्ये असते. दुसरा मार्ग याहून सोपा : अपेक्षित नावाची रिकामी फाइल स्वतःच निर्माण करावयाची. वॉचर समाधान पावतो, साखळी पुढे सरकते, इशारा विझतो. या कृतीत दुष्ट हेतू नसतो. बहुधा दडपण असते. सकाळच्या आत साखळी संपली पाहिजे, हे उद्दिष्ट कर्मचाऱ्याच्या कामगिरीशी जोडलेले असते. साखळीच्या टोकाला काय पोचले, हे कोणाच्याच कामगिरीशी जोडलेले नसते.

पुण्यातील हिंजवडीसारख्या ठिकाणी बसून दूरदेशीच्या बँकांची रात्र सांभाळणाऱ्या तरुणांना तर ही फाइल कोणत्या माणसांची आहे, हे कळण्याचा मार्गही बहुधा नसतो. जॉबच्या वर्णनाच्या रकान्यात ‘दैनिक फाइल’ असे दोन शब्द असतात. त्याऐवजी ती कोणाची फाइल आहे, ती न आल्यास कोणाचे काय अडते आणि कोणाला विचारल्याशिवाय जॉब पुढे ढकलू नये, हे लिहिलेले असेल, तर पहाटे तीन वाजता घेतला जाणारा निर्णय वेगळा होण्याची शक्यता वाढते. हाताने दिलेल्या प्रत्येक यशाची कारणासह नोंद राहणे हे त्याचे दुसरे अंग होय.

दोन कर्जमाफ्यांचा धडा

माहिती पोचणे आणि तिची खातरजमा होणे यांतील अंतर महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. ३४,०२२ कोटी रुपयांच्या या योजनेसाठी बँकांकडून ६६ रकान्यांच्या नमुन्यात माहिती मागविण्यात आली. बँकांची माहिती आणि शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज यांचा मेळ घालताना विसंगती निघाल्या, आणि लाभार्थ्यांच्या याद्या लांबल्या. माहिती आली होती. ती पोचली मात्र नव्हती.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत कार्यपद्धती वेगळी होती. बँकांनी खात्यांची माहिती दिल्यावर याद्या गावपातळीवर प्रसिद्ध करण्यात आल्या, प्रत्येक नोंदीला विशिष्ट क्रमांक देण्यात आला, शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करताना रक्कम पाहावी आणि ती मान्य नसल्यास तक्रार नोंदवावी, अशी तरतूद झाली. या योजनेतही अडचणी आल्या असतील. परंतु रचनेच्या दृष्टीने पाहता साखळीच्या टोकाला असलेल्या माणसाकडून पोच घेण्याची पायरी तिच्यात होती. फाइल-निरीक्षणाच्या चिकित्सेत नियंत्रण-फाइलला जे स्थान आहे, तेच येथे शेतकऱ्याच्या अंगठ्याला मिळाले.

एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, वॉचरवर नको इतका भार टाकला जात आहे. वॉचरचे काम नजर ठेवणे, तपासणी हे पुढील प्रोग्रॅमचे काम. कार्यविभागणीच्या दृष्टीने हा आक्षेप रास्त आहे. वॉचरने नोंदी मोजाव्यात असे प्रतिपादन येथे केलेले नाही. मोजणी स्वतंत्र जॉबमध्ये असणेच इष्ट. प्रश्न असा की, ‘वॉचर यशस्वी’ या अवस्थेला पुढील जॉब कोणता अर्थ देतो? मध्ये मोजणीची पायरी नसेल तर तो तिला पोच समजतो, आणि मग भार कोणावर टाकावा हा वाद निरर्थक ठरतो, कारण तो कोणीच उचललेला नसतो.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. प्रत्येक फाइलसाठी एवढा काटेकोरपणा परवडत नाही. हेही खरे. अंतर्गत अहवालाची फाइल आणि देयकाची फाइल यांना एकच माप लावण्याचे कारण नाही. परंतु कोणती फाइल कोणत्या वर्गात मोडते हे ठरविण्याचा निकष तांत्रिक असू शकत नाही. चुकल्यास नुकसान कोणाचे आणि ते भरून निघणारे आहे काय, हाच तो निकष.

निष्कर्ष

१. फाइल-निरीक्षण जॉबची मांडणी म्हणजे ‘आले’ या शब्दाची व्याख्या करणे होय. ती व्याख्या सॉफ्टवेअरच्या पूर्वनिर्धारित मूल्यांवर सोडून देणे हाही एक निर्णयच असतो, फक्त तो कोणी घेतलेला नसतो.

२. आकार आणि स्थिरता ही आवकीची लक्षणे आहेत, पोचेची नव्हेत. पूर्णतेची साक्ष पाठविणाऱ्याने द्यावी, आणि घेणाऱ्याने ती मोजून पाहावी.

३. फाइलची ओळख व्यवहाराच्या दिनांकाशी आणि पाठविणाऱ्याच्या कॅलेंडरशी बांधलेली असावी. वाचून झालेली फाइल तत्काळ दप्तरी हलवावी, म्हणजे ती पुन्हा वाचली जाणार नाही आणि कोणाला दोनदा लाभ मिळणार नाही.

४. प्रतीक्षेची मुदत सेवा घेणाऱ्या माणसाच्या वेळेपासून मागे मोजून ठरवावी. इशारा आणि समाप्ती यांच्या मर्यादा वेगळ्या असाव्यात.

५. न येणे, रिकामे येणे आणि शून्य असणे या तीन घटनांना तीन वेगळे मार्ग असावेत.

६. हाताने दिलेल्या यशाची जबाबदारी नावासह नोंदविली जावी, आणि जॉबच्या वर्णनात त्या फाइलमागील माणसांचा उल्लेख असावा.

यांपैकी एकाही सूचनेसाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. आवश्यक रकाने बहुतेक शेड्युलरमध्ये आहेतच. उणीव आहे ती ते रकाने भरण्यापूर्वी विचारावयाच्या प्रश्नांची. तालुक्याच्या कचेरीतील आवक लिपिक पाकीट फोडून सहपत्रे मोजत असे, तेव्हा त्याला स्वतःची जबाबदारी टाळावयाची होती. परंतु त्यामुळे अर्जदाराचा एखादा सातबारा हरवल्यावाचून राहत असे. यंत्राला जबाबदारीची भीती नसते, म्हणून ती मोजणी त्याच्याकडून मुद्दाम करवून घ्यावी लागते. ती केली गेली, तर कुरुंद्याच्या शाखेत पासबुक पुढे करणाऱ्या शेतकऱ्याला ‘वरून आले नाही’ हे मोघम उत्तर देण्याची वेळ कमी येईल. आणि आलीच, तर काय, कोठे आणि केव्हापासून अडले आहे, हे त्याला सांगता येईल.